वारा सुटला की

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीची बोट अजून लागली नव्हती. आवडाबाईच्या शेजारी एक नवरा-बायको चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर मधे ठेवून बसले होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतच होतं.

“अर्धा तास सुरू होत न्हाय, झाला तर निळा पडदा. आपल्या पोरीच्या, इनशाच्या गेमांनी वाट लावली.”

“गेमांनी न्हाय.”

“मग? दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, चालू असतानाच कुणीतरी लाईट तोडतं. तीच ना?”

“मी.”

“काय?”

“वादळात भिंतीतनं ठिणग्या उडाल्या, तेव्हापासनं वारा सुटला की मी मेन स्विच बंद करते.”

“बंद करू नका, असं पडद्यावर लिहून येतं गुलबानू!”

“मला कुठं ते वाचता येतं?”

“आणि मी पोरीवर हात उचलला. तेव्हा का गप्प बसलीस?”

“तुमचा चेहरा बघून.”

आवडाबाईनं मान वळवून खाडीकडे बघितलं.

“तिला फोन लाव. रागानं गेली ती खालाकडेच, तुझ्या बहिणीकडे असेल.”

“तुम्ही लावा.”

“माझा उचलत न्हाय ती.”

“माझा पण न्हाय.”