खुंट्यांना हात लावायचा नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आमच्या ऑर्केस्ट्राचे मॅनेजर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे ते पहिल्या रांगेतले आमचे मॅन्डोलिनवाले मास्तर, त्यांची लेक आणि जावई, वाजवणारे, गाणारे, खोकी उचलणारे, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून दाराशी उभे राहिलेले सगळे जण, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

एवढं नातीने कागदावर लिहून दिलं होतं. कागद इथे संपला. मॅनेजर म्हणाले, आजी, दोन शब्द बोला आणि मग मास्तरांची धून वाजवा. दोन शब्दांचे किती होतील ते आत्ता सांगता येत नाही. कारण बोलणं संपलं की मला ते टेबलावर ठेवलेलं मॅन्डोलिन उचलायचं आहे, आणि मला त्याची भीती वाटते. आधीच सांगून टाकते. नाही तर माझा आवाज कापला की तुम्ही म्हणाल, मास्तर चालले म्हणून म्हातारी हळवी झाली. हळवीबिळवी काही नाही, घाबरलेय.

मास्तरांविषयी चांगलं बोलणारे चार जण होऊन गेले. मास्तर शांत, मास्तर देवमाणूस, असं चौघांनीही सांगितलं. मी एकतीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर गिटार घेऊन बसले. ते शांत नाहीत, फक्त बोलत नाहीत. माझी कॉर्ड चुकली की मान वळवायचे नाहीत, उजवी भुवई उचलायचे. माझी खुर्ची उजवीकडे. एकतीस वर्षं त्या भुवईकडे बघून बघून माझी मान त्या बाजूला वळलेली राहिलीय, डॉक्टरसाहेबांना विचारा.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा या ऑर्केस्ट्राची गाडी चालवायचा आणि मी गाणाऱ्या बायकांचे उसवलेले कपडे शिवायला बरोबर जायची. तालमीत कोपऱ्यात बसून गिटारवाल्याची बोटं बघायची, तो चहाला गेला की त्याची गिटार मांडीवर घ्यायची. एका कार्यक्रमाला तो आलाच नाही. मी सुई कापडात खोचून ठेवली आणि त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. ती सुई अजून तिथेच असेल. सांगायचं कारण एवढंच, की रिकाम्या खुर्चीवर दुसरं कुणी कसं बसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी बसणारी मी होते.

गेल्या वर्षी माझा डावा खांदा गेला. याच डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, एवढी मोठी गिटार आता बंद, वाजवायचंच तर लहान काही तरी वाजवा. गिटार नातीने घेतली. बरी वाजवते. आणि त्याच महिन्यात मास्तरांनी सांगितलं, डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आता लेकीकडेच राहणार. मॅनेजर म्हणाले, हरकत नाही, कीबोर्डमध्ये मॅन्डोलिनचं बटण आहे. मास्तर म्हणाले, बटण नको, बाई वाजवतील.

तालमीच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हटलं. का म्हटलं? सूनबाईच्या स्वयंपाकघरात दोन बायका मावत नाहीत, आणि टीव्हीसमोर मी एकटीसुद्धा मावत नाही, म्हणून. मॅनेजर भला माणूस, पण त्यांनी अट घातली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर मास्तरांची धून शेवटपर्यंत वाजली तर खुर्ची तुमची. नाही तर बटण.

आता तुम्हाला वाटेल, गिटार येते तिला मॅन्डोलिनचं काय अवघड? मलाही तेच वाटलं होतं. मॅन्डोलिनला तारा आठ, पण त्या जोडीजोडीने, म्हणजे खऱ्या चारच. गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा घ्या, त्यांचा क्रम उलटा करा, झालं मॅन्डोलिन. सूर तेच, घर उलटं. जी तार तिथे नाकाकडे, ती इथे गुडघ्याकडे. स्वतःच्याच घरात शिरावं आणि चूल न्हाणीघरात सापडावी, तसं ते आहे. डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. बोटं गिटारच्याच जागी जाऊन बसतात आणि असा आवाज निघतो की शेजारीण विचारायला आली, काही पडलं का?

मास्तर लेकीकडे जाताना त्यांचं जुनं मॅन्डोलिन मला सरावाला देऊन गेले होते. दोन आठवडे रोज सकाळी बसले. एक ओळ सरळ निघेना. डोळ्यांपुढे ते बटण. मग मी एक काम केलं. ते आजपर्यंत नातीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आज सगळ्यांसमोर सांगते. मी खालच्या तीन जोड्या सैल केल्या. एवढ्या सैल, की त्या गिटारच्या हिशेबाने लागल्या. मग काय, तीच बोटं, त्याच जागा. दोन दिवसांत धून निघाली. आवाज जरा बसका यायचा, ओल्या दोरीसारखा, पण निघाली. मला वाटलं, काय हुशार बाई आहे मी.

दर रविवारी मास्तर फोनवर ऐकायचे. एकदा म्हणाले, आवाज बसका का येतो? मी म्हटलं, तुमचा फोन खराब असेल. ते म्हणाले, पुढची ओळ वाजवा. फोनवर भुवई दिसत नाही, तेवढं बरं असतं, असं मला वाटलं.

असे तीन महिने गेले. आणि नऊ दिवसांपूर्वी नातीने ते मॅन्डोलिन सहज उचललं आणि गिटारची कॉर्ड धरून तारा छेडल्या. कॉर्ड बरोबर वाजली. पोरगी आधी खूप हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "आजी, निरोपाच्या दिवशी सूर मास्तर लावून देणार. मग काय करशील?"

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडे पद्धत आहे. जो वाजवणारा ऑर्केस्ट्रा सोडतो, तो आपल्या वाद्याचा सूर शेवटचा लावतो आणि ते नव्या माणसाच्या हातात देतो. पहिली धून पूर्ण होईपर्यंत खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही. कुणी सुरू केली माहीत नाही. ढोलकवाला गेला तेव्हा मी पाहिलीय, व्हायोलिनवाला गेला तेव्हा पाहिलीय, टाळ्यासुद्धा वाजवल्यात. तीन महिने ती मला एकदाही आठवली नाही. दुसऱ्याचा निरोप असतो तेव्हा आपण फक्त बघत असतो.

मी त्याच क्षणी तारा पुन्हा कसल्या. आणि ती धून, जी मला झोपेत येत होती, ती गेली. एक सूर जागेवर येईना. नातीला म्हटलं, मास्तरांना सांगूया. ती म्हणाली, सांग. फोन हातात घेतला आणि त्यांच्या ऑपरेशनची चौकशी करून ठेवून दिला.

नऊ दिवस. भाजी चिरताना बोटं टेबलावर, बसमध्ये बोटं पिशवीच्या बंदावर. माझ्या ताटातली पोळी सूनबाईने आपणहून तुकडे करून ठेवली, कारण बोटांची टोकं सोलली होती. ती माझ्यावर दया करते हे बघून मला जास्त भीती वाटली. काल संध्याकाळी पाच वेळा वाजवलं. दोन वेळा शेवटपर्यंत गेले. तीन वेळा तिसऱ्या ओळीत बोटं पुन्हा गिटारकडे पळाली. हे गणित चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही येतं.

आज दुपारी मागच्या खोलीत मास्तरांनी त्यांच्या मॅन्डोलिनचा सूर लावला. एकेक तार कानाशी नेऊन, डोळ्यांवर तो काळा चष्मा. लावून झाल्यावर माझ्या हातात दिलं. मी तोंड उघडलं, आता सांगते म्हणून. तेवढ्यात तेच म्हणाले, "बाई, माझा फोन चांगला आहे."

बस, एवढंच. उठले आणि लेकीचा हात धरून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

म्हणजे या माणसाला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. मग बोलला का नाही? विश्वास होता म्हणून, की मी स्वतःच्या पायाने खड्ड्यात जाते का ते बघायचं होतं म्हणून? मी एकतीस वर्षं शेजारी बसले, मला सांगता येत नाही. तुम्हाला वाटेल, चला, मास्तरांना माहीत आहे, ओझं उतरलं. काही उतरलं नाही. आता माझ्या हाताशी फक्त नऊ दिवसांचा सराव आहे, हेही त्यांना आत्ता कळलं.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत. बघा, तुमचं काही चुकलं नाही. मॅनेजर मघाशी कानात म्हणाले, आजी, अडकलात तर कीबोर्डवाला सांभाळून घेईल. प्रेमाने म्हणाले. सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटते. त्याने सांभाळून घेतलं की हॉलमधल्या प्रत्येकाला कळेल, बटणाने भागतं.

मास्तर, एकच विचारते, सगळ्यांसमोर विचारते. खुंट्यांना हात लावू का? तीन जोड्या सैल करायच्या, एक मिनिट लागेल.

नाही म्हणताहेत. मागच्यांना दिसलं नसेल, मान हलवली. भुवई नाही उचलली, मान हलवली. बरं.

मग आता बोलायला काही उरलं नाही. अध्यक्ष महोदय आणि डॉक्टरसाहेब वेळात वेळ काढून आले, त्यांचे आभार. मॅनेजरांनी बटण आजपर्यंत दाबलं नाही, त्यांचेही. मास्तर, तुमचे आभार मानत नाही. चार मिनिटांची धून संपली की काय वाटतंय ते बघते. मॅन्डोलिनवर सूर लांबवायचा तर हात सारखा थरथरवावा लागतो, तुम्हीच शिकवलंत. थरथर आज माझ्याकडे भरपूर आहे.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर माफ करा. वाजवण्यातल्या चुकांची माफी आत्ता मागत नाही, आधी चूक तरी होऊ द्या. पोरी, चार मोज. आणि कीबोर्डवाल्या, तू हात मांडीवर ठेव. मी मध्येच थांबले, हॉल गप्प झाला, तरी मांडीवरच ठेव. अडकले तर माझी मी सुटेन.