रेघ

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

"ताई, मिट ना ते आता."

"भट्टीच्या तापमानाचा आलेख पाठवायचाय रे. नाहीतर साहेब डोकं खाईल."

"मग पाठव की."

"गंडलंय. शून्य ते शंभर मिनिटं, दर दहा मिनिटांचा एक ठिपका हवाय. प्रोग्रॅमकडे दहा ठिपके मागितले, तर अंतर अकराच्या वर जातंय."

"अकरा माग. शून्याचाही एक ठिपका लागतो ना."

"अगंबाई, हो की! रोजचं काम माझं, आणि आज डोकंच चालेना."

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही तुझ्या."

"हे बघ, आले. सगळे सारख्या अंतरावर."

"आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये भट्टीचं काय झालं, ते कसं कळतं?"

"नाही कळत. तिथे नुसती रेघ ओढून मोकळं व्हायचं."

त्याने थिएटरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"काय झालं रे?"

"बाबा मंगळवारी पडले, ताई. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं म्हणून कळलं तरी."

"एका रविवारी तू जायचास, एका रविवारी मी. एकही रविवार चुकवला नव्हता रे आपण."