नावाडणीचं एक वाक्य

सून : बाबा, फ्रिजवरची ही यादी तुम्हीच लिहिलीत ना?

सासरे : मीच. का? साबण विसरलो वाटतं.

सून : साबण आहे. ‘साबण; दूध; दिव्याच्या दोन नळ्या; पायपुसणं.’ प्रत्येक वस्तूपुढे अर्धविराम.

सासरे : चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. हात वळतोच तिकडे. स्वल्पविराम मला फार पोरकट वाटतो. धड थांबत नाही, धड चालत नाही.

सून : हल्ली अर्धविराम कोणी वापरतं का हो?

सासरे : कोणी नाही. दुःख तेच आहे.

सून : एक जण वापरतो. इंटरनेटवर. ‘जुनी प्रत’ नावानं लिहितो.

सासरे : असेल.

सून : वाचलंय का त्याचं काही?

सासरे : इकडचं तिकडचं वाचत असतो मी. डोळे चालताहेत तोवर.

सून : ‘काजळनदी’ मालिकेचे वाभाडे काढतो. शुक्रवारी भाग आला की शनिवारी सकाळी याचा लेख तयार. सात भाग, सात लेख.

सासरे : काढण्यासारखं असेल म्हणून काढत असेल. मूळ पुस्तकाचे चार खंड आहेत. त्यात नावाडीण एकदाच तोंड उघडते. चार खंडांत एक वाक्य! तिच्या गप्प राहण्याचीच भीती वाटते वाचताना. आणि पडद्यावर? पहिल्याच भागात अठरा वाक्यं बोलली. नटी नावाजलेली, तिला नुसतं वल्हं कसं मारू देतील?

सून : अठरा. मोजलीत?

सासरे : अंदाजानं म्हटलं.

सून : ‘जुनी प्रत’नंही अठराच मोजलीत.

सासरे : मोजणारे दोघं असू शकतात.

सून : असू शकतात. ‘नटी नावाजलेली; तिला नुसतं वल्हं कसं मारू देतील’ हेही दोघांना एकदमच सुचू शकतं.

सासरे : तू माझी उलटतपासणी करते आहेस का?

सून : चहा ठेवू?

सासरे : म्हणजे करते आहेस.

सून : बसा ना. मला खरंच समजून घ्यायचंय. या माणसाला आवडतं तरी काय? परग्रहावरचा तो सिनेमा आला, त्यालाही झोडपलं.

सासरे : झोडपणारच. कादंबरीत ती बाई अकरा वर्षं यानात एकटी असते. अकरा वर्षं! स्वतःचा आवाज विसरू नये म्हणून खिळ्यांची नावं मोठ्यानं म्हणते. सिनेमात अकराव्या मिनिटाला तिच्या शेजारी एक देखणा यंत्रमानव आणून बसवला. मग एकटी कुठली ती? सहलीलाच निघाली की.

सून : आणि ते उडणारे, छाती फुगवणारे सुपरहिरो?

सासरे : त्यांचं मला वावडं नाही. पण मेलेला माणूस पुढच्या सिनेमात परत येणार असेल, तर मी रुमाल कशाला काढू? मला तर हल्ली प्रत्येक मरणाचा संशय येतो. हा खरंच गेला, की याचा करार अजून बाकी आहे?

सून : पण पडद्याला विचार दिसत नाहीत, बाबा. पुस्तकात माणूस दहा पानं विचार करतो. पडद्यावर तो नुसता बसलेला दिसतो.

सासरे : मग बसू दे. मी बघेन. मला सगळी पानं नकोत पडद्यावर. वाचताना पोटात गोळा आला होता, तेवढा पुन्हा आला म्हणजे झालं. पानं वगळा, पात्रं वगळा, हवं तर शेवट बदला. पण गोळा वगळून वर रोषणाई केली की मी ओळखतो. कोणीतरी मला काहीतरी विकतंय.

सून : बोलता छान. लिहिताही छान. कालचा लेख तर फारच छान होता.

सासरे : कालचा?

सून : काल त्या माणसानं आठव्या भागातलं एक वाक्य छापलं. आठवा भाग येत्या शुक्रवारी येणार आहे, बाबा. अजून कोणी पाहिलेला नाही.

सासरे : पुस्तक वाचलेल्याला कळतं पुढे काय होणार ते.

सून : ते वाक्य पुस्तकात नाही. पुस्तकात नावाडीण म्हणते, ‘मी पोहोचवते; परत आणत नाही.’

सासरे : तो अर्धविराम मी घातलेला आहे. अनुवादकानं तिथं ‘पण’ लिहिलं होतं. मी मुद्रितात काढलं.

सून : ठाऊक आहे. तुम्ही शंभरदा सांगितलंय. पण मूळ परदेशी मालिकेत तिथं नटीचे ओठ चारदा मिटतात आणि पुस्तकातलं वाक्य त्या जागी बसत नाही. म्हणून मराठी आवाजासाठी मी नवं लिहिलं. ‘माझी नाव इथपर्यंतच. पुढचं पाणी तुझं.’ म आणि मग तीन प. हे वाक्य जगात तीन माणसांना माहीत होतं. मी, ध्वनिमुद्रण करणारे, आणि नावाडणीला आवाज देणाऱ्या काकू.

सासरे : हं.

सून : काल दुपारी स्टुडिओतून फोन आला. मॅडमचा आवाज बर्फासारखा. वाक्य फुटलं कुठून, सोमवारी दहापर्यंत सांगा. ध्वनिमुद्रणवाले सतरा वर्षं तिथं आहेत, त्यांच्यावर संशय घ्यायला कोणी तयार नाही. मी करारावर सही केलेली, घरात स्वतंत्र खोली आहे असं लिहून दिलेलं. उरल्या कोण?

सासरे : काकू.

सून : त्यांना संध्याकाळी सांगितलं, येऊ नका. बासष्ट वर्षांची बाई. चार वर्षांनी मोठं काम मिळालं होतं. माझ्याशी फोनवर बोलताना रडल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ‘अगं, मी तर घरी मांजराशीही बोलत नाही घशाला ताण नको म्हणून.’

सासरे : मला हे माहीत नव्हतं.

सून : काय माहीत नव्हतं, बाबा?

सासरे : काकूंचं.

सून : म्हणजे बाकीचं माहीत होतं.

सासरे : चहा उतू जाईल.

सून : गॅस लावलेलाच नाही. काल रात्री मी यांचा फोन तपासला. हे झोपल्यावर. पासवर्ड माहीत होता, सगळं उघडून बघितलं. आपला नवरा असं करेल का, हा प्रश्न डोक्यात घेऊन पाऊण तास बाथरूममध्ये बसले होते. आणि सकाळी दूध काढायला आले, तर समोर यादी.

सासरे : त्याला सांगितलंस?

सून : नाही.

सासरे : म्हणजे या घरात चोरून डोकावणारा मी एकटाच नाही.

सून : नाही. पण माझ्यामुळे कोणाचं काम गेलेलं नाही.

सासरे : बरोबर आहे. ते मी उगाच बोललो.

सून : माझा लॅपटॉप उघडलात?

सासरे : कधीच नाही. शपथेवर सांगतो. तू गॅलरीत फेऱ्या मारत वाक्यं म्हणत होतीस. तीन दिवस. मी आत खुर्चीत. सोमवारी ‘माझी होडी’ म्हणालीस, मंगळवारी ‘मी इथवरच’. मला राहवेना, मनात मीही जुळवायला लागलो. काही सुचेना. बुधवारी तू म्हणालीस, ‘पुढचं पाणी तुझं.’ आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो गं.

सून : आणि लिहून टाकलंत.

सासरे : तीन दिवस दम धरला. मग लिहिलं. सात आठवडे मी त्या मालिकेला नावं ठेवली. एक जागा अशी आली की जिथं पुस्तक मागे पडलं. ते सांगितलं नसतं, तर आधीचं सगळं नुसतं किरकिरणंच ठरलं असतं.

सून : छापायचं नाही हे कळत होतं?

सासरे : कळत होतं.

सून : आणि ती सात आठवड्यांची नावं? ती वाक्यं माझी होती, हेही कळत होतं?

सासरे : हो.

सून : ‘संवाद लिहिणाऱ्याला बहुधा शब्दागणिक मोबदला मिळत असावा; वाक्यं संपता संपत नाहीत.’ पाचवा भाग. त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही विचारलंत, पोट बिघडलं का. गरम पाणी आणून दिलंत.

सासरे : मला ठाऊक होतं का जेवली नाहीस ते.

सून : मग?

सासरे : पाणी दिलं. दुसरं काय देणार होतो?

सून : तोंडावर सांगायचं होतं! ‘पोरी, पाचव्या भागात तुझी वाक्यं लांबली.’ मी ऐकलं नसतं का?

सासरे : ऐकलं असतंस. ‘हो बाबा’ म्हणाली असतीस. तुझ्या सासूबाई गेल्यापासून या घरात मी काहीही म्हटलं की ‘हो बाबा’. ती होती तेव्हा माझं एक मत धडपणे उभं राहू द्यायची नाही. तिथं इंटरनेटवर लोक भांडतात माझ्याशी. परवा एकानं मला गाढव म्हटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सून : हसवू नका मला. मी रागावले आहे.

सासरे : राग धर. हक्कच आहे तुझा.

सून : एक विचारू? खरं सांगा. ते वाक्य माझं आहे म्हणून चांगलं वाटलं का तुम्हाला? पाचव्या भागाची भरपाई म्हणून?

सासरे : हा संशय मात्र घेऊ नकोस.

सून : का नको? तुम्ही प्रत्येक मरणाचा घेता.

सासरे : चौतीस वर्षांत मी एकाही लेखकाच्या मजकुराला समासात ‘छान’ लिहिलेलं नाही. ते माझं काम नव्हतं. त्या रात्री मी तो जुना खंड काढला आणि माझ्या अर्धविरामाशेजारी पेन्सिलीनं तुझं वाक्य लिहून ठेवलं. तारीखही घातली आहे. बघायचं तर बघ. वरून दुसऱ्या फळीवर आहे.

सून : नको. राहू दे.

सासरे : उद्या मी येतो तुझ्याबरोबर. सांगेन, जाहिरातीत त्या नटीचे ओठ पाहून अदमास बांधला. चारदा मिटतात ना? जाणकार वाचकाला जमतं. तुझं नाव यायचं कारण नाही, काकूंचंही नाही.

सून : जमतं का खरंच?

सासरे : नाही. पण त्या मॅडमना काय कळतंय.

सून : म्हणजे गोळा वगळून वर रोषणाई.

सासरे : ...हो. तसंच झालं ते.

सून : मी आत्ताच फोन करते. उद्यापर्यंत थांबले तर माझा धीर सुटेल.

सासरे : नोकरी जाईल तुझी.

सून : गेली तर गेली. काकूंना आजचा दिवस कसा जात असेल? तुम्ही बसा इथंच. उठायचं नाही.

(ती फोन लावते.)

सून : मॅडम, रविवारी त्रास देते. वाक्य माझ्या घरातून गेलं... नाही, लॅपटॉप नाही. मी गॅलरीत मोठ्यानं म्हणत होते, ते घरच्यांनी ऐकलं... सासऱ्यांनी... हो. तेच ‘जुनी प्रत’... नाही मॅडम, मलाही आज सकाळीच कळलं... खोली आहे, पण खोलीत मला सुचत नाही... हो, लिहून दिलं होतं. चूक माझी आहे... काकूंना तुम्ही कळवाल ना? आजच?... बरं... बरं... हो, कळलं... नाही, वाद घालत नाही. ठेवते.

सासरे : काय म्हणाल्या?

सून : काकू उद्यापासून परत. शेवटचे दोन भाग माझ्याकडून काढले, दुसरं कोणी लिहील. नोकरी ठेवलीय. पण यापुढे स्टुडिओत बसूनच लिहायचं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. घरी कागदाचा कपटाही आणायचा नाही.

सासरे : आणि ते वाक्य?

सून : तेच राहणार. म्हणाल्या, बदलून काय उपयोग, लोकांना आवडलंय.

सासरे : म्हणजे उद्यापासून गॅलरीत कोणी नाही.

सून : कोणी नाही.

सासरे : मी ते लिहिणं बंद करतो.

सून : का? तुम्ही नाही लिहिलंत तर त्या नव्या माणसाची वाक्यं कोण मोजणार? मलाही बघायचंय, त्याला किती जमतंय ते. फक्त लेखाखाली स्वतःचं नाव घाला. आणि जे मला म्हणायचंय, ते आधी मला म्हणा. मी ‘हो बाबा’ म्हणणार नाही.

सासरे : चौथ्या भागात नदीवरचा प्रसंग. ‘अंधार दाटून आला’ हे वाक्य तू दोनदा वापरलंस.

सून : दोनदा नाही, एकदाच!

सासरे : दोनदा. बाराव्या मिनिटाला आणि एकतिसाव्या.

सून : बघते मी. नसलं तर बघा हं. आणि संध्याकाळी हे आले की त्यांना फोनचं सांगायचंय मला. तेव्हा तुम्ही जरा फिरायला जा.

सासरे : जाईन. लांबवर जाईन. पण त्या आवाजवाल्या बाईंना... तू माझ्या वतीनं सांगशील का?

सून : मी नाही. हा घ्या नंबर. तुम्हीच लावा.

सासरे : काय म्हणू त्यांना?

सून : लिहिणारे तुम्ही.

सासरे : वाजतोय... हॅलो? नमस्कार. नाही, तुम्ही मला ओळखत नाही. तुमचं काम काल माझ्यामुळे थांबलं होतं. मी संवाद लिहिणाऱ्या बाईंचा सासरा बोलतोय.