वरून दुसरी ओळ

…आणि ‘शेवटची नोंद काकांचीच आहे’ हे तुमचं पालुपद मी दोन वर्षं फोनवर ऐकतोय, साहेब. दर वेळी तुम्ही फोन ठेवलात. आज ठेवता येणार नाही. आज ताई वाचतेय आणि समोर भरलेलं सभागृह आहे. असो. आधी मानपान.

या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या लिफ्ट कंपनीचे व्यवस्थापक साहेब, हार घालून अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक काका, शेजारी काकू, माझे जुने मेकॅनिक जोडीदार आणि जमलेल्या बंधुभगिनींनो! मी आठवीत शाळा सोडलेला, एका जागी बूड न टिकणारा माणूस. इथे परमुलखात दोन वर्षांत ही तिसरी नोकरी. सध्या गोदामात खोक्यांना पट्ट्या मारतो. रजा मिळाली नाही, म्हणून भाषण लिहून पाठवलं. काकांची मुलगी, आमची ताई, ते वाचतेय. ताई, आधी उघडू नकोस असं का म्हणालो, ते आता कळेल.

काकांबद्दल मी काय सांगावं? घरच्या माणसाचा खोकला ओळखावा तसा त्यांना प्रत्येक लिफ्टचा आवाज ओळखू यायचा. हे सगळं त्यांच्या डोक्यातच राहू नये म्हणून ऑफिसनं विकी सुरू केला. विकी म्हणजे संगणकावरची सगळ्यांची मिळून एक वही. कुणीही लिहावं, आणि कुणी कधी काय बदललं ते ‘इतिहास’ या बटणामागे राहतं. काका सांगायचे, मी टाइप करायचो. म्हणायचे, “तुझी बोटं पळतात रे, डोकं मात्र मागून चालत येतं.” मी हसायचो. आता नाही हसू येत.

चौदा नंबरच्या इमारतीत दोन लिफ्ट. पुढच्या लिफ्टच्या पानाचं नाव ‘इमारत-१४’, मागचीचं ‘इमारत-१४ (मागची)’. कामाच्या यादीत मागचीची लिंक मी टाकली. संगणकवाल्या मॅडमनी बजावलं होतं, “पत्त्यात मोकळी जागा आली की पत्ता तिथेच तुटतो. जागेऐवजी टक्क्याची खूण, दोन आणि शून्य लिही.” मी “हो, हो” म्हटलं आणि जागा तशीच सोडली. पत्ता तुटला. उरलेलं ‘(मागची)’ लिंकचं नाव होऊन पडद्यावर झकास दिसू लागलं. दिसायला मागची, दाबलं की उघडायची पुढची!

एके सकाळी एका जोडीदारानं ती लिंक दाबली, पुढचीची मापं वाचली आणि मागचीचा ब्रेक त्या मापानं लावला. दुपारी लिफ्ट अर्धा मजला घसरली. आतल्या शिक्षिकाबाईंचा पाय मोडला.

संध्याकाळी मी घामाघूम होऊन लिंक दाबली, तर बरोबर पान उघडलं. वाटलं, देवानं वाचवलं. मग यादीचा ‘इतिहास’ उघडला. वरच्या, म्हणजे सगळ्यात ताज्या ओळीत काकांचं नाव, दुसऱ्या ओळीत माझं. काका, तुम्ही एका बोटानं टाइप करणारे! ती टक्क्याची खूण शोधायला किती वेळ लागला तुम्हाला? जिन्यात गाठून तुम्ही एवढंच म्हणालात, “तोंड उघडू नकोस. तुला बाहेरदेशी जायला चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवाय ना? माझी काय, दोनच वर्षं राहिलीत.”

आणि मी तोंड उघडलं नाही.

चौकशीत फक्त वरची ओळ पाहिली गेली. अपघातानंतर काकांनी पान बदललं, म्हणजे स्वतःची चूक झाकली! फाइलीत शेरा पडला, ‘पुरावा दडवला’. बाईंच्या उपचाराचा खर्च पगारातून कापला. इथे पोचल्यावर मी साहेबांना सतरा फोन केले. “फाइल बंद झाली.” माझा लॉगिन तर कधीच बंद. ज्या पानावर माझी चूक आहे, ते मला बघतासुद्धा येत नाही. इतक्या लांबून मी करू तरी काय?

ताई, थांबू नकोस, वाच. काकू, ‘नसत्या ठिकाणी नाक कशाला खुपसलंत’ म्हणून तुम्ही काकांना जे बोललात, ते सगळं आता मला बोला.

सभागृहात ज्यांचा लॉगिन चालू आहे त्यांनी कृपा करून मोबाइल काढा. कामाची यादी, ‘इतिहास’, वरून दुसरी ओळ. मोठ्यानं वाचा. शेरा पुसायला साहेबांची सही लागते, ती ना माझ्या हातात, ना तुमच्या. पण वाचायला कुणाची सही लागत नाही.

माझं लांबण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन, तर रागावायचा पहिला मान काकांचा. बाकीच्यांनी रांगेत थांबावं. काकांचे कापले गेले छत्तीस हजार. खोलीचं भाडं आणि जेवण जाऊन जे हातात उरलं, ते आज ताईच्या नावावर पाठवलंय: सहा हजार दोनशे.