राक्षसाची नात

कटलेटच्या रांगेत मिसावोबाईंच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची नात उभी होती. बाजारातल्या दिव्यांच्या खांबांवर टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतल्या, राक्षसांशी लढणाऱ्या महावीराचे चेहरे होते.

"आजोबा, तुम्ही खरंच याच्याशी लढायचात?"

"तर! राक्षसाच्या रबरी कातड्यात घुसून."

"आणि दर आठवड्याला हरायचात?"

"हरायचो म्हणजे! पुठ्ठ्याच्या इमारती चुरडत बरोब्बर त्याच्या पायाशी आडवा व्हायचो. गंमत वाटली काय?"

"मग खांबावर तुमचा चेहरा का नाही?"

"माझा चेहरा कुणी बघितलाय, चिनात्सु?"

"वाईट नाही वाटत?"

"वाईट कसलं? मी नीट पडलो नसतो, तर हा जिंकला असता होय?"

मिसावोबाईंनी मान वर केली. नात खांबाकडे बघून ओरडत होती,

"ए, ताठ काय उभा राहिलायस? वाक की! माझे आजोबा आलेत!"