दोष फिल्टरचा

भाची : मामा, फिल्टर पास झाला.

मामा : काय म्हणालीस?

भाची : कुठे काय? मी काही बोललेच नाही. फिल्टर नापास आहे. सपशेल. तू बस खुर्चीत, हलू नकोस.

मामा : हलतोय कुठे? दोन्ही मनगटांना आणि घोट्याला ईसीजीचे चिमटे लावलेला माणूस जाणार कुठे, वरातीत? आणि आत्ता तू ‘पास’ म्हणालीस. माझे कान अजून शाबूत आहेत.

भाची : जनरेटरच्या नकली ठोक्यांवर पास. तुला लावला की नापास.

मामा : म्हणजे यंत्र चांगलं, गिऱ्हाईक वाईट. हे वाक्य विकताना तेवढं बोलू नकोस.

भाची : स्कोपच्या पडद्यावर ते टेकाड परत आलं.

मामा : कालचंच?

भाची : कालचंच. ठोका, ठोका, ठोका, मग वेळेआधीच एक फुगीर टेकाड. मग लांबलचक शांतता. आणि मग परत ठोका, जसं काही घडलंच नाही. घरात भांडण झाल्यावर तू पेपर वाचायला घेतोस ना, अगदी तसं.

मामा : थरथर आहे ती. फिल्टरची. तुला हौस ना, कडक फिल्टर लावायची! मी सांगत होतो.

भाची : तू सांगत होतास? तूच म्हणालास, विजेच्या मेन्सची गुणगुण अशी छाट की तिच्या माहेरीसुद्धा कळू नये. म्हणून सगळ्यात कडक, चेबिशेव लावला. वारंवारतेच्या आलेखात कसा दिसला, आठव. इकडे जरा लाटा, आणि मग एकदम कडा. गुणगुण सरळ दरीत. तू फोटो काढून मामीला पाठवलास.

मामा : देखणाच होता.

भाची : देखणा होता. पण वेळेच्या आलेखात बघितलं तेव्हा कळलं. आत पायरीसारखा एकदम चढणारा साधा सिग्नल दिला, तर बाहेर पायरी आली आणि वर चढून उड्या मारत बसली. देखण्या पाहुण्यांचं असंच असतं. येतात झोकात, पण आल्यावर स्वस्थ बसत नाहीत.

मामा : मग झालं की! उड्या. त्याच उड्यांचं टेकाड.

भाची : म्हणून मधला लावला, बटरवर्थ. उड्या कमी झाल्या, टेकाड तिथेच. म्हणून आज सोशिक लावला.

मामा : बेसेल?

भाची : बेसेल. छाटतो हळूहळू, कुणाला दुखवत नाही, थोडी गुणगुण आतही येऊ देतो. वारंवारतेच्या आलेखात बघशील तर उताणा पडलेला आळशी माणूस. पण वेळेच्या आलेखात साधू आहे. सगळ्यांना सारखाच उशीर करतो, त्यामुळे जो आकार आत गेला तोच बाहेर येतो. एक उडी नाही.

मामा : आणि टेकाड?

भाची : आणखी रेखीव आलंय.

मामा : कपॅसिटर बदल.

भाची : बदलले.

मामा : ऑपअँप?

भाची : बदलला.

मामा : मग टेबल बदल. लाकडाला ओल धरते.

भाची : मामा.

मामा : ‘मामा’ काय? मी या धंद्यात तुझ्या जन्माआधीपासून आहे. ओलीने काय काय होतं ते मला विचार.

भाची : ऐक. फिल्टर खोटं बोलतो, मान्य. पण तो दर वेळी तेच खोटं बोलतो. प्रत्येक ठोक्यामागे तीच थरथर, तेवढीच, त्याच जागी. हे टेकाड येतं तेव्हा येतं, नाही तेव्हा नाही. मर्जीने. फिल्टरला मर्जी नसते.

मामा : हल्लीच्या फिल्टरांचं सांगता येत नाही.

भाची : आणि फिल्टर नेहमी नंतर बोलतो. आधी बोलायची त्याची टाप नाही. हे टेकाड पुढच्या ठोक्याची वाट न बघता घुसतं.

मामा : बरं. मग माझ्याकडे अशी काय बघतेस? स्कोपकडे बघ.

भाची : स्कोपवर तूच आहेस.

मामा : ...

भाची : बोल ना काहीतरी. तू गप्प बसलास की मला तिथेही टेकाडानंतरची ती लांबलचक शांतता दिसायला लागते.

मामा : या कारखान्यातलं एकेक यंत्र आधी माझ्या हाताला लागलं आहे. ही इथली रीत आहे. शाळा-कॉलेजात मुलं जो ठोका बघतात ना, तो आधी मी देऊन बघितलेला असतो. आजवर कुठल्या यंत्रावर टेकाड आलं?

भाची : सगळ्यांवर.

मामा : काय?

भाची : फडताळातलं जुनं यंत्र काढून बघितलं मी. आत एकाला एक जोडून कपॅसिटरची चाळ उभी केली आहेस. मी एकेक सुटा करत गेले आणि टेकाड वर येत गेलं, पाणी ओसरल्यावर खडक यावा तसं. काही फुगलेलं दिसलं की तू म्हणायचास, ‘माझ्यात असलं काही नाही, सर्किटमध्ये गडबड आहे,’ आणि आणखी एक कपॅसिटर डकवायचास. सपाट होईपर्यंत.

मामा : प्रमाण तर काहीतरी धरावंच लागतं.

भाची : तेच तर. आपण तुझं हृदय प्रमाण धरलं आणि यंत्रं वाकवत बसलो.

मामा : म्हणजे जुनं आहे हे. मग ठीक आहे. जुनं दुखणं घरातल्या माणसासारखं असतं, त्याच्यासाठी डॉक्टर बोलवत नाहीत.

भाची : जुन्या यंत्रावर कधीतरी यायचं. काल पाच-सहा ठोक्यांआड येत होतं. आज तिसऱ्या ठोक्यालाही येतंय.

मामा : तू मोजत बसतेस म्हणून येतंय. माझ्याकडे कुणी टक लावून बघितलं की मला अवघडायला होतं.

मामी : चहा. दोघं असे का बसलात?

मामा : काही नाही.

भाची : काही नाही, मामी.

मामी : एकानं ‘काही नाही’ म्हटलं तर काही नसतं. दोघांनी म्हटलंत म्हणजे नक्की आहे. काय जळालं?

मामा : काही जळालं नाही. तुझ्या भाचीचा फिल्टर धड चालत नाही, एवढंच.

मामी : फिल्टर चालत नाही, तेव्हा ती माझी भाची. चालला असता तर तुमची होती.

मामा : तू इकडे ये. बस या खुर्चीत. हात दे. आता बघ गंमत, हिलाही टेकाड येईल, आणि मग मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

(मामी चहा बाजूला ठेवून खुर्चीत बसते, मामा स्वतःचे चिमटे सोडवून स्वतःच्या हाताने तिला लावतो. भाची स्कोपकडे बघत नाही, मामाकडे बघते. स्कोपवर काय येणार ते तिला ठाऊक आहे. सकाळी कुणी यायच्या आत तिने ते चिमटे स्वतःला लावून बघितले होते, एकही टेकाड आलं नव्हतं, आणि तेव्हापासून ती त्या फिल्टरमध्ये खोट शोधते आहे.)

मामी : काय दिसतंय?

भाची : ठोका. ठोका. ठोका. ठोका.

मामी : मग बरंय ना?

मामा : हिचं धरू नकोस. हिचं हृदय सरकारी कचेरीतून निवृत्त झालेलं आहे. वेळेवर येतं, वेळेवर जातं.

भाची : मामी, यंत्र बरोबर आहे.

मामी : मग तोंड का असं केलंय? यंत्र बरोबर असेल तर चुकीचं काय आहे?

मामा : चहा गार होतोय.

मामी : अहो, मी तुम्हाला विचारते आहे.

मामा : मधूनमधून माझा एक ठोका जरा आगाऊपणा करतो. एवढंच. बाकीचे गुणी आहेत.

मामी : जिन्यात मध्येच थांबता, ते हेच का?

भाची : जिन्यात थांबतो?

मामी : कठड्याला धरून. विचारलं की म्हणतात, ‘सर्किटचा विचार करतोय.’ मी म्हटलं, एवढा विचार करतात तर एखादं सर्किट वर तरी पोचेल.

मामा : जिना विचाराला चांगला असतो. हे बघ, तू एक काम कर. आणखी एक फिल्टर कर. सोशिकाहून सोशिक. हे टेकाड तेवढं खाली बसलं पाहिजे. येतं ना करता?

भाची : येतं. आत्ता करून देते. आलेख सरळ येईल, मामा. तू तसाच राहशील.

मामा : पूर्वी मला जमत होतं.

मामी : शर्ट बदला. मी गाडी काढते.

मामा : अगं, चहा तरी...

मामी : चहा राहू दे. शर्ट.

भाची : मामा, थांब, चिमट्याचा वळ उठलाय मनगटावर. चोळते. सकाळपासून या फिल्टरला नापास करायला बघतेय रे मी. सगळं उलटंपालटं केलं. होतच नाही नापास. आजवर मी बनवलेलं काही पहिल्या फटक्यात धड चाललं नाही, आणि हेच नेमकं चाललं.

मामा : चांगला बनवलायस. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. म्हणूनच ओरडत होतो.

मामी : निघालात का? इंजिन चालू आहे!

मामा : आलो, आलो! बरं, डॉक्टरांना काय सांगू? निर्मात्याकडून काही निरोप? ते अर्जातल्या भाषेत बोलतेस ना तू यंत्रं तपासणाऱ्या परीक्षकांशी, तसं सांग. मला तेवढंच बरं वाटेल.

भाची : सांग त्यांना, निर्मात्याकडून कळवण्यात येतं की सदर यंत्रातल्या फिल्टरची रचना पूर्णपणे सदोष आहे. तरी तपासणीत वेळेआधीचा ठोका आढळल्यास तो फिल्टरचा दोष धरण्यात यावा, यंत्र दुरुस्तीसाठी आमच्याकडे पाठवण्यात यावं, आणि सोबतचा माणूस कोणताही फेरफार न करता, होता तसा, आजच्या आज परत करण्यात यावा, ही नम्र विनंती.