लाल ठिपका

मुलगी : आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, काका. नुसतं सूं सूं. आणि त्याच्यामागे आई शेजारच्या घरात बोलत असल्यासारखी.

काका : माइक कशात लावलास?

मुलगी : बाबांच्या ह्या प्रीअँपमध्ये, आवाज मोठा करतो ना हा. बिघडलाय का? सोमवारी आईच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर आवाज कसा राहील, डॉक्टर सांगत नाहीत. त्याआधी मला तो रेकॉर्ड करून ठेवायचाय.

आई : सकाळपासून त्याच चार ओळी वाचतेय, भाऊजी. ऑपरेशनआधीच आवाज संपवणार ही.

काका : वहिनी, तुम्ही बसा. बोलू नका. अगं, हा ठणठणीत आहे. पण हा गाणी ऐकण्यासाठीचा. टेपमधून, रेडिओतून ह्याच्याकडे येतो तो आवाज आधीच मोठा झालेला. कुणाला पुढे सोडायचं आणि किती, एवढंच हा बघतो. शाळामास्तर! माइकमधून निघतं ते व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढं. त्याला मास्तर काय करणार? त्याला सुईण लागते.

मुलगी : जन्मभर रेकॉर्डिस्टची मुलगी, आणि मला एवढंही माहीत नाही.

काका : कुठून असणार? घरी तुझा बाबा फक्त गाणी ऐकायचा. माइकचा बारीक आवाज मोठा करणारा प्रीअँप स्टुडिओत. स्टुडिओ बंद झाला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. थांब.

(काका कपाटातून एक जड लोखंडी पेटी काढून टेबलावर ठेवतात.)

आई : अगंबाई! ही अजून आहे?

मुलगी : ह्या बटणाशेजारी लाल काय सांडलंय?

काका : सांडलं नाही, लावलंय. लग्नाआधीची गोष्ट. तुझी आई बातम्या वाचायला बसली की तुझा बाबा बटण बरोबर त्या ठिपक्यावर आणायचा.

आई : म्हणजे? सगळ्यांना "जरा बोलून दाखवा" म्हणायचे, आवाज जुळवायचे. मला मात्र सरळ "सुरू करा". मला वाटायचं, ह्या माणसाला माझ्या आवाजाचं काही पडलेलंच नाही.

काका : त्याला तो पाठ होता, वहिनी.

आई : आणि हे नेलपॉलिश माझंच दिसतंय! बाटली हरवली म्हणून मी मैत्रिणीशी महिनाभर अबोला धरला होता.

काका : बाटली मी उचलली होती. त्याची हिंमत कुठली!

मुलगी : आई, रडू नकोस. आवाज बसेल.

आई : बसलेलाच आहे. लावा हो, भाऊजी, तो माइक.

काका : बोला. हं... नाही, फारच बारीक येतोय. बटण ठिपक्याच्या बरंच पुढे न्यावं लागेल.

आई : नको. तिथेच राहू द्या. मी जवळ सरकते.